कुलाब्याचे खासदार चिंतामणराव

महाडहून रायगडाकडे निघालेल्या प्रवाशाला पाचाडच्या बरेच अलीकडे नाते हे गाव लागते. गडाची ओढ मनात असल्यामुळे बहुतेकांच्या गाड्या तेथे थांबत नाहीत. भातखाचरे, कौलारू घरे, पावसाळ्यात ढगांत बुडून जाणारे डोंगर, असे कोकणाच्या आतल्या अंगाचे हे गाव. याच गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री म्हणून चिंतामणरावांचे नाव अजूनही घेतले जाते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ते एका ओळीच्या उत्तरापुरते उरले आहे, हे मात्र खेदाने नमूद करावे लागते. निवडून आलेले लोकप्रतिनिधी म्हणून त्यांची कारकीर्द अवघ्या चार वर्षांची. ते एकदाच लोकसभेची निवडणूक लढले, एकाच मतदारसंघातून जिंकले, आणि त्या मतदारसंघाला दिलेला शब्द आणि दिल्लीतील आसन यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आसन सोडले. तो मतदारसंघ कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा. महाड, पोलादपूर आणि नाते ही त्याच जिल्ह्यातली गावे.

वडील द्वारकानाथ देशमुख रोह्यास वकिली करीत, त्यामुळे चिंतामणरावांचे बालपण रोह्यास गेले. पुढचे शिक्षण मुंबईस, एल्फिन्स्टन हायस्कुलात झाले. त्या काळी महाडच्या परिसरातून मुंबई गाठावयाची म्हणजे दासगावच्या बंदरावर जाऊन सावित्रीच्या खाडीतून बोट धरावयाची. ही वाट कोकणी माणसाच्या इतकी अंगवळणी पडली होती की घरातला कर्ता पुरुष मुंबईत आणि बायकामुले गावी, ही तेथील संसाराची रीतच होऊन बसली होती. गिरणीतला पगार मनीऑर्डरने गावी यायचा, त्यावर पावसाळ्याची बेगमी व्हायची आणि शिमग्या-गणपतीला चाकरमानी घरी यायचा. मुंबई हे दूरचे शहर असे या भागात कोणी कधी म्हटले नाही. पुढे १९५६ साली जे घडले त्याचा अर्थ लावताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

१९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत चिंतामणराव मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. १९१५ मध्ये ते इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजातून १९१७ साली त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी घेतली आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले. झाडाफुलांचा हा नाद त्यांना जन्मभर पुरला. बंगला कोणताही असो, बागेत त्यांचा हात फिरल्यावाचून राहत नसे. १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत ते सर्वप्रथम आले. त्याच सुमारास लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. सरकारी नोकरीऐवजी देशकार्यास वाहून घ्यावे असा विचार घेऊन हा तरुण त्यांना भेटला. लोकमान्यांनी त्याला नोकरी सोडण्याचा सल्ला दिला नाही. उद्या देश स्वतंत्र झाल्यावर कारभार जाणणारी माणसे लागतील, असे त्यांचे म्हणणे होते.

यानंतरची वीस वर्षे मध्य प्रांत व वऱ्हाडात गेली. जमाबंदी, महसूल, सचिवालय, असे ते काम होते. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही ते होते. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. महायुद्धाचे, टंचाईचे, बंगालच्या दुष्काळाचे ते दिवस. सरकारने 'सर' ही पदवी दिली ती १९४४ साली, आणि त्याच वर्षी जुलैत अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे युद्धोत्तर जगाची नाणेव्यवस्था ठरवण्यासाठी चव्वेचाळीस देशांची परिषद भरली.

हिंदुस्थान तेव्हा परतंत्र होता. शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेस्मन हे इंग्रज होते. त्यांच्या बरोबर षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि चिंतामणराव होते. युद्धकाळात ब्रिटनने हिंदुस्थानातून माल आणि सेवा उचलल्या होत्या आणि त्यांचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या खात्यावर साचत चालले होते. युद्ध संपता संपता ही रक्कम सुमारे १,७०० कोटी रुपयांवर गेली. व्यापारी घराण्यांतील वाचकांना हा हिशेब समजावून सांगावयास नको: उधारी प्रचंड, ऋणको बलाढ्य, आणि वसुलीचा अधिकार धनकोच्या हाती नाही. या रकमेचा प्रश्न भारतीय प्रतिनिधींनी परिषदेत उचलून धरला. तो तेथे सुटला नाही. नाणेनिधीत मात्र हिंदुस्थानला ४० कोटी डॉलरचा हिस्सा मिळाला. क्रमाने तो सहावा होता. सोव्हिएत रशियाने करार मान्य केला नाही, तेव्हा पाचवा झाला आणि संचालक मंडळावर नियुक्तीचे आसन चालून आले.

फाळणीच्या वेळी दोन देशांची एकच मध्यवर्ती बँक होती. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेने पाकिस्तानचेही काम पाहिले. घरात भाऊ वेगळे झाले तरी काही काळ तिजोरीची किल्ली एकाकडेच असते, तसा तो प्रकार. आणि तो सांभाळणे किती नाजूक होते हे सांगावयास नको. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी जूनअखेर चिंतामणराव तेथून निवृत्त झाले.

राजकारणात ते आले ते जवळजवळ ओढून आणल्यासारखे. १९५० साली नियोजन आयोग स्थापन झाला तेव्हा ते त्याचे सदस्य होते. त्याच आयोगाच्या अधिकारांवरून मतभेद होऊन अर्थमंत्री जॉन मथाई बाहेर पडले आणि १ जून १९५० रोजी ते खाते चिंतामणरावांकडे आले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाब्यातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. आयुष्यभर फायलींवर शेरे लिहिलेला हा मनुष्य आता मतदाराच्या दारी गेला होता, आणि ते दार त्याच्याच जन्मजिल्ह्यातले होते.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी केलेल्या कामांपैकी कितीतरी गोष्टी आज आपल्या रोजच्या व्यवहारात मुरलेल्या आहेत. २,०६९ कोटी रुपयांची पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या कारकिर्दीत आकारास आली. इंपीरियल बँकेचे रूपांतर १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँकेत झाले, ते मुख्यतः खेड्यापाड्यांपर्यंत बँक पोहोचावी म्हणून. १९५३ चा मृत्युकर कायदा आणि १९५६ चा कंपनी कायदा हे त्यांच्याच काळातले. व्यवस्थापकीय एजन्सीच्या पद्धतीला या कंपनी कायद्याने वेसण घातली, त्यामुळे पेढ्यांवरून त्यांच्याविषयी नेहमीच गोड शब्द ऐकू येत असत असे नाही. परंतु त्यांच्या हिशेबाच्या सचोटीविषयी कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांचा विवाह घटना समितीच्या सदस्या व नियोजन आयोगातील सहकारी दुर्गाबाई यांच्याशी झाला. विवाह नोंदणी पद्धतीचा होता आणि साक्षीदार म्हणून सही होती पंडित नेहरूंची. पंतप्रधान आणि अर्थमंत्री यांच्यातील जिव्हाळा यावरून दिसतो, आणि पुढच्या प्रसंगाची किंमतही.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरदात बाहेर आला. बहुतेक भाषांना आपापले राज्य मिळणार होते; मुंबई मात्र गुजराती व मराठी भाषिकांचे संयुक्त राज्य म्हणून ठेवावी, आणि विदर्भ वेगळा असावा, अशी शिफारस होती. ती कोणालाच रुचली नाही. मग काँग्रेसश्रेष्ठींनी तीन राज्यांची तोड काढली: गुजरात, महाराष्ट्र आणि स्वतंत्र मुंबई शहर. २१ नोव्हेंबरला मुंबईत मोर्चावर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले आणि त्यानंतरचा आठवडा शहराने गोळीबार, दंगली व अंत्ययात्रा यांत काढला. संयुक्त महाराष्ट्राच्या साऱ्या लढ्यात १०५ जण हुतात्मे झाले असे तेव्हापासून म्हटले जाऊ लागले. फ्लोरा फाउंटनजवळचा चौक त्यांच्या नावाने ओळखला जातो.

या वादाला दुसरी बाजू होती, आणि ती नुसत्या स्वार्थाची म्हणून झटकून टाकण्याजोगी नव्हती. मुंबईचे बंदर, बाजार, गिरण्या उभारण्यात गुजराती, कच्छी, पारशी, जैन अशा अनेक समाजांचे भांडवल आणि पिढ्यांचे कष्ट होते. हे शहर कोणा एका भाषेचे नव्हे, असे त्यांना मनापासून वाटे. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांच्या नेतृत्वाखालील बॉम्बे सिटिझन्स कमिटीने हीच बाजू आयोगापुढे मांडली होती. हे पुरुषोत्तमदास रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळावर चिंतामणरावांबरोबर वर्षानुवर्षे बसलेले. म्हणजे समोरची माणसे परकी नव्हती. एकाच टेबलाशी बसून देशाचे हिशेब तपासलेली होती. चिंतामणरावांनी या समाजांविरुद्ध कटू शब्द वापरून लोकप्रियता मिळवण्याचा प्रयत्न केला नाही, ही गोष्ट त्या तापलेल्या दिवसांत लहान नव्हती.

जानेवारीचा तो आठवडा त्यांच्यासाठी विलक्षण होता. १९ जानेवारीच्या रात्री, म्हणजे नेहरूंच्या घोषणेनंतर तिसऱ्याच दिवशी, अर्थमंत्री आकाशवाणीवरून बोलले आणि आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतल्याचे देशाला कळले. वटहुकूम इतक्या गुप्तपणे तयार झाला होता की विमा कंपन्यांना त्याची चाहूलही लागली नव्हती. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या एका फटक्यात एका छत्राखाली आल्या. एवढे मोठे काम पार पडत असताना मुंबईत माणसे मरत होती. त्याच जानेवारीत चिंतामणरावांनी राजीनाम्याचे पत्र पंतप्रधानांच्या हाती दिले.

ते स्वीकारले गेले नाही. अर्थसंकल्प तोंडावर होता, दुसरी योजना सुरू व्हावयाची होती, आणि मुंबईविषयी अजून काही तडजोड निघेल अशी आशा होती. चिंतामणराव थांबले. २९ फेब्रुवारीला त्यांनी अर्थसंकल्प मांडला. त्यांच्या या थांबण्यावर तेव्हा टीकाही झाली. राजीनामा द्यावयाचा तर लगेच द्यावा, असे महाराष्ट्रात अनेकांना वाटत होते. या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण घडी अर्धवट विस्कटून निघून जाणे हा त्यांचा पिंड नव्हता.

जूनमध्ये मुंबईत काँग्रेस महासमितीची बैठक भरली. तेथे नेहरूंनी सांगितले की मुंबई पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील आणि मग तेथील लोकांचे मत घेतले जाईल. तडजोडीची वाट पाहणाऱ्या अर्थमंत्र्याला हा निर्णय असा सभेतून समजला. २४ जुलै १९५६ रोजी ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी लोकसभेत निवेदन केले.

त्या निवेदनाची आठवण आज बहुधा केवळ 'मुंबईसाठी राजीनामा' एवढ्याच शब्दांत काढली जाते. प्रत्यक्षात त्यात दोन वेगवेगळे धागे होते. एक धागा महाराष्ट्राचा: मुंबई तोडणे अन्यायाचे आहे, पोलिसांच्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, आणि या साऱ्यामागे महाराष्ट्राविषयीचा आकस आहे, हा आरोप. दुसरा धागा कारभाराचा. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न येता जाहीर होतो, तर सामूहिक जबाबदारीचा अर्थ काय, असा त्यांचा सवाल होता. ही पद्धत घटनेला धरून नाही असे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. ज्याने तीस वर्षे सरकारी कामकाजाचा प्रत्येक कागद नियमाने पुढे सरकवला, त्याला गोळीबाराइतकेच हेही खुपत होते.

नेहरूंनी आरोप नाकारले. मंत्रिमंडळात आणि त्याच्या समितीत या प्रश्नावर पुष्कळ चर्चा झाली होती, आणि सरकारचा मुख्य आधार असलेल्या पंतप्रधानाला जाहीर बोलण्याचीही मुभा नाही हे म्हणणेच चमत्कारिक आहे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असावेत. चर्चा पुष्कळ झाली होती. शेवटचा निर्णय मात्र चर्चेच्या जागी झाला नव्हता.

महाराष्ट्रात याच वेळी यशवंतराव चव्हाणांनी वेगळी वाट धरली होती. नेहरूंच्या नेतृत्वावरील निष्ठा त्यांनी आधी ठेवली, त्याबद्दल लोकांचा रोष सोसला, आणि पक्षात राहूनच राज्य मिळवण्याचा मार्ग पत्करला. तोही मार्ग अखेर पोहोचला. पण १९५६ च्या पावसाळ्यात, कोकणातल्या ज्या घरातला चाकरमानी गिरणगावात राहत होता, त्या घराला चिंतामणरावांचा राजीनामा अधिक आपला वाटला. आपण निवडून दिलेला माणूस देशाच्या तिजोरीवर बसला होता आणि आपल्यासाठी तेथून उठला, हे समजायला त्यांना घटनेचे पुस्तक उघडावे लागले नाही.

राजीनाम्यानंतर पंधरवडाभरात, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, लोकसभेने केंद्रशासित मुंबईचा बेत बाजूस ठेवून विशाल द्वैभाषिक राज्याचा निर्णय केला. राजीनामा ज्या योजनेविरुद्ध दिला ती योजनाच गेली. चिंतामणराव मात्र परत मंत्रिमंडळात गेले नाहीत. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले, तेव्हा त्याची घोषणा करणारा अर्थमंत्री पदावर नव्हता. १९५७ च्या निवडणुकीत कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला सडकून मार दिला. त्या लाटेवर स्वार होऊन मोठे पुढारी होण्याची संधी चिंतामणरावांना होती. त्यांनी ती घेतली नाही. त्या वेळी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून महाविद्यालयांच्या ग्रंथालयांचे आणि प्रयोगशाळांचे प्रश्न पाहत होते. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले.

पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे संस्थापक-अध्यक्ष झाले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांनी मंत्र्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणारे कायमचे, स्वतंत्र न्यायाधिकरण असावे अशी जाहीर मागणी केली. सरकारला ती मानवली नाही. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. गिरी आणि रेड्डी यांच्या त्या गाजलेल्या झुंजीत त्यांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते मिळाली आणि ते तिसरे आले. पक्षाच्या चौकटीत न बसणाऱ्या माणसाचे जे व्हावयाचे ते झाले, एवढेच म्हणता येईल.

संस्कृतची गोडी त्यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाही. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. १९७५ साली ते पद्मविभूषण झाले. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेस चिंतामणरावांनी देह ठेवला. त्याच्या आदल्या वर्षी, १ जानेवारी १९८१ रोजी, कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले होते. ज्या नावाच्या मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले, ते नाव त्यांच्या हयातीतच नकाशावरून गेले. ठाण्यात महानगरपालिकेने १९८७ मध्ये प्रशासकीय सेवांच्या परीक्षांसाठी त्यांच्या नावाने संस्था काढली. कोकणातल्या गावांतून मुले आजही तेथे अभ्यासाला येतात. त्यांच्यातला एखादा नात्याच्या रस्त्याने रायगडावर जाऊन आलेला असतो, आणि गाव कोणाचे हे त्याला ठाण्यात आल्यावर कळते.